कुत्रा आला कुठून? लांडग्यापासून कुत्र्यापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा पाळणारे लोक भेटले की गप्पा कधीतरी इथे येतातच, की हा प्राणी मुळात आपल्याकडे आला कसा. मी बरीच वर्षं या विषयावरचं जे मिळेल ते वाचतेय, आणि दर दोन-चार वर्षांनी नवीन डीएनए अभ्यास येऊन आधीचं चित्र थोडं हलवतो, त्यामुळे जुन्या पुस्तकातली उत्तरं आता तशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. काही उत्तरं लांब झालीत, त्याला इलाज नाही, विषयच तसा आहे.

कुत्रा नक्की लांडग्यापासूनच आला का? कोल्हा, खोकड असं काही मिक्स नाही ना?

लांडग्यापासूनच. करड्या लांडग्यापासून. डार्विनला वाटायचं की कुत्र्यांमध्ये इतकी विविधता आहे म्हणजे एकापेक्षा जास्त जंगली पूर्वज असणार, लांडगेही आणि कोल्हेही. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ, ज्यांना नंतर नोबेल मिळालं, त्यांनी तर बहुतेक कुत्रे सोनेरी कोल्ह्यापासून आले असं मांडलं होतं आणि नंतर स्वतःच ते मागे घेतलं. डीएनए तपासायची सोय झाल्यावर हा वाद मिटला. चिहुआहुआ असो की ग्रेट डेन, सगळे लांडग्याच्याच फांदीवर बसतात.

गोंधळ होण्याचं एक कारण म्हणजे लांडगा, कुत्रा, कोल्हा, कोयोट (उत्तर अमेरिकेतला लांडग्याचा छोटा नातेवाईक) या सगळ्यांची गुणसूत्रं ७८ आहेत आणि यांच्यात संकर होऊ शकतो. पण संकर होऊ शकतो म्हणजे पूर्वज आहे असं नाही. आणि आपण बोलताना कोल्हा आणि खोकड दोघांना सरसकट कोल्हा म्हणून टाकतो, तो अजून एक घोळ. कोल्हा म्हणजे जॅकल, तो कुत्र्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. खोकड म्हणजे फॉक्स, ते बरंच लांबचं नातं.

आणि रानकुत्रा? नावातच कुत्रा आहे की.

नाव फसवं आहे. रानकुत्रा, म्हणजे कोळसून, ही वेगळीच प्रजात आहे, तिची दातांची रचनासुद्धा वेगळी. आफ्रिकेतला ठिपक्यांचा जंगली कुत्रा पण वेगळा. आणि तरस तर कुत्र्याच्या कुळातलंही नाही, ते मांजराच्या बाजूचं आहे.

म्हणजे आजचे लांडगे हे कुत्र्यांचे आजोबा-पणजोबा?

नाही, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यावरून पुढे बरेच गैरसमज होतात. ज्या लांडग्यांपासून कुत्रे झाले ते हिमयुगातले लांडगे होते आणि त्यांची ती शाखा आज शिल्लक नाही. आजचा लांडगा आणि आजचा कुत्रा हे दोघंही त्या जुन्या लांडग्यांचे वंशज, म्हणजे एकमेकांचे भाऊबंद. त्या काळापासून लांडगेपण बदललेत, विशेषतः गेल्या काही शतकांत माणसाने त्यांना इतकं मारलं की जे उरले ते माणसापासून लांब पळणारे. त्यामुळे आजचा बुजरा लांडगा बघून "असला प्राणी माणसाजवळ येईलच कसा" असं म्हणणं बरोबर नाही, तेव्हाचा लांडगा कदाचित इतका बुजरा नव्हताच, त्याने अजून बंदूक आणि सापळे बघितले नव्हते.

किती वर्षं झाली या गोष्टीला?

याचं एका आकड्यात उत्तर मागू नका प्लीज, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि बातम्यांमध्ये त्या मिसळून टाकतात. एक म्हणजे कुत्र्याची शाखा लांडग्याच्या शाखेपासून वेगळी कधी झाली. दुसरी म्हणजे माणसाबरोबर राहणारा कुत्रा पहिल्यांदा कधी दिसतो. शाखा वेगळी झाली त्याच दिवशी लांडगा घरात आला असं होत नाही, दोन लांडग्यांचे गट डोंगरामुळे किंवा बर्फामुळेसुद्धा वेगळे पडतात.

१९९७ साली एका गाजलेल्या अभ्यासात शाखा वेगळी होण्याचा काळ १ लाख वर्षांपेक्षाही मागे असू शकतो असं आलं होतं. नंतर कळलं की डीएनएमध्ये बदल साठण्याचा जो वेग धरला होता तोच चुकीचा होता. २०१५ मध्ये सायबेरियातल्या तैमिर भागात मिळालेल्या, सुमारे ३५,००० वर्षं जुन्या लांडग्याच्या हाडाचा डीएनए वाचला, त्याचं वय कार्बनवरून माहीत होतं, म्हणजे बदलांच्या वेगाचं घड्याळ जुळवायला एक पक्की खूण मिळाली, आणि त्यावरून वेगळं होण्याचा काळ साधारण २७,००० ते ४०,००० वर्षांपूर्वी असा आला. आणि ज्याच्याबद्दल जवळपास कुणीच वाद घालत नाही असा निःसंशय कुत्रा सापडतो तो साधारण १४,००० वर्षांपूर्वीचा. यांच्यामध्ये कुठेतरी, हिमयुगाच्या सगळ्यात कडक थंडीच्या आसपास, ही गोष्ट घडली.

तुलना करायची तर शेळ्या, मेंढ्या, गाई, डुकरं हे सगळे साधारण १०-११ हजार वर्षांपूर्वीचे, शेती सुरू होतानाचे. घोडा त्याच्याही नंतरचा. म्हणजे माणसाकडे ना शेत होतं, ना कायमचं घर, तेव्हा कुत्रा होता. शिकार करत फिरणाऱ्या माणसांनी जोडलेला हा एकमेव मोठा प्राणी, आणि तोही मांसाहारी, जो स्वतः त्याच शिकारीसाठी माणसाशी स्पर्धा करत होता. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

मग सगळ्यात जुना पक्का पुरावा कुठला?

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल म्हणून ठिकाण आहे, तिथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करताना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक पंचविशीतली बाई, वर लाल रंगाची पूड आणि दगड, आणि सोबत काही प्राण्यांची हाडं. त्यातला एक जबडा लांडग्याचा म्हणून बाजूला पडला होता, तो कुत्र्याचा आहे हे कळायला पुढे साठेक वर्षं गेली. वय सुमारे १४,२०० वर्षं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. २०१८ मध्ये पशुवैद्य असलेल्या एका संशोधकाने त्या कुत्र्याचे दात नीट तपासले. ते जेमतेम साडेसहा महिन्यांचं पिल्लू होतं, आणि दातांवरच्या आवरणावर जे खड्डे-रेघा होत्या त्या डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूच्या आजारात पडतात तशा होत्या. म्हणजे ते साधारण १९ ते २३ आठवड्यांचं असताना आजारी पडलं, थोडं बरं झालं, पुन्हा आजारी पडलं. डिस्टेंपर झालेलं पिल्लू ज्यांनी सांभाळलंय त्यांना माहीत आहे काय असतं ते. ताप, उलट्या, जुलाब, मग झटके, पाणीसुद्धा स्वतःहून पीत नाही. मी एकदा असं पिल्लू अकरा दिवस सांभाळलं होतं, दर दोन तासांनी चमच्याने पाणी, अंथरूण बदलणं, रात्री उठून श्वास चालू आहे ना बघणं, आणि शेवटी ते गेलंच. माझ्याकडे औषधं होती, सलाईन होतं. त्या लोकांकडे यातलं काही नव्हतं, आणि तरी त्यांचं पिल्लू आजाराच्या पहिल्या झटक्यात न मरता काही आठवडे जगलं, कारण कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, स्वच्छ ठेवलं. संशोधकांचा मुद्दा असा की आजारी पिल्लाचा शिकारीला, राखणीला, कशालाच उपयोग नव्हता. तरी सांभाळलं, आणि गेल्यावर माणसांसोबत पुरलं.

असंच दुसरं ठिकाण म्हणजे इस्राएलमधलं ऐन मल्लाहा, सुमारे १२,००० वर्षं जुनं. तिथे एका वयस्कर व्यक्तीच्या सांगाड्याचा हात एका पिल्लाच्या सांगाड्यावर ठेवलेला सापडला.

मी तर ३५,००० वर्षं जुना कुत्रा सापडला असं वाचलंय?

बेल्जियममधल्या गोये गुहेतली कवटी असणार, ती साधारण तेवढीच जुनी आहे, आणि सायबेरियात अल्ताई पर्वतातली सुमारे ३३,००० वर्षांची अजून एक. तोंड आखूड, कवटी रुंद म्हणून काही संशोधक याला सुरुवातीचा कुत्रा म्हणतात. पण लांडग्यांमध्येही कवटीत फरक असतातच, आणि गोयेच्या प्राण्याचा डीएनए आजच्या कुत्र्यांच्या वंशात बसत नाही. यांना कुत्रा म्हणायला मी तरी तयार नाही.

सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत सापडलेलं "दोगोर" नावाचं पिल्लू फोटोत तुम्ही बघितलं असेल, मिशा आणि पापण्यांसकट टिकलेलं, १८,००० वर्षांपूर्वीचं. कुत्रा की लांडगा म्हणून खूप चर्चा झाली, शेवटी डीएनएने सांगितलं, लांडगा.

कुठे घडलं हे? चीन, युरोप, की अजून कुठे?

२००२ मध्ये उत्तर आलं पूर्व आशिया. २०१० मध्ये पश्चिम आशिया. २०१३ मध्ये युरोप. २०१५ मध्ये मध्य आशिया. २०१६ मध्ये एका टीमने म्हटलं दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे. प्रत्येक वेळी मोठी बातमी, आणि प्रत्येक वेळी चांगल्या संशोधकांचं काम, कुणी काही खोटं करत नव्हतं. अडचण अशी होती की आजच्या कुत्र्यांचा डीएनए घेऊन मागे जायचा प्रयत्न चालला होता, आणि कुत्रे माणसाबरोबर इतके फिरलेत, इतके मिसळलेत की मूळ गावाचा पत्ता पुसला गेलाय.

मग जुन्या हाडांतला डीएनए वाचायला लागले तेव्हा जरा उजेड पडला. २०२२ मध्ये ७२ जुन्या लांडग्यांचे जीनोम (म्हणजे पूर्ण डीएनए), गेल्या १ लाख वर्षांतले, युरोप, सायबेरिया, उत्तर अमेरिका इथले, एकत्र तपासले. निष्कर्ष असा की कुत्रे हे आशियाच्या पूर्वेकडच्या, सायबेरियाच्या बाजूच्या जुन्या लांडग्यांच्या जास्त जवळचे आहेत, युरोपातल्या जुन्या लांडग्यांच्या तितके नाहीत. पण पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या कुत्र्यांमध्ये दुसऱ्या, पश्चिमेकडच्या लांडग्यांचाही अंश आहे, काहींमध्ये तर जवळपास निम्म्यापर्यंत. आता हे दोनदा पाळीव झाल्यामुळे, की पूर्वेकडून आलेले कुत्रे वाटेत तिथल्या लांडग्यांत मिसळल्यामुळे, ते डीएनए एवढ्यावरून सांगत नाही. आणि तपासलेल्यांपैकी एकही लांडगा कुत्र्याचा थेट पूर्वज म्हणावा इतका जवळचा निघाला नाही. तो खरा लांडगा अजून जमिनीखाली आहे.

पण लांडगा माणसाजवळ आलाच कसा? कुणीतरी पिल्लू उचलून आणलं असेल ना?

शाळेत सांगतात ती गोष्ट हीच, की एका शिकाऱ्याने लांडग्याचं पिल्लू आणलं, वाढवलं, झाला कुत्रा. एवढं सोपं नाही ते. पिल्लू वाढवलं तर तो माणसाची सवय झालेला लांडगा होतो. त्याची पिल्लं पुन्हा लांडगेच. बदल पिढ्यानपिढ्या साठायचा तर माणसाळलेल्या लांडग्यांची जोडी आपसातच जमायला हवी, जंगलातल्या लांडग्यांशी नाही, आणि हे शेकडो पिढ्या चालायला हवं.

दुसरी कल्पना अशी की लांडग्यांनी स्वतःच सुरुवात केली. माणसाच्या तळाबाहेर हाडं, आतडी, टाकून दिलेलं मांस पडायचं. जो लांडगा माणूस दिसताच पळून जायचा त्याला काही मिळायचं नाही, जो जरा धीट आणि कमी भांडखोर, तो थांबायचा आणि पोट भरायचा. अशांची पिल्लं जास्त जगली. माणसाने मुद्दाम काहीच केलं नाही, नुसतं हाकललं नाही. यावर आक्षेप असा की फिरस्ती शिकारी माणसं एका जागी किती राहणार आणि किती उकिरडा करणार, मोठे उकिरडे गावं वसल्यावरचे, आणि कुत्रा तर त्याच्या आधीचा.

२०२१ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी एक हिशेब मांडला तो मला पटतो. माणसाचं शरीर नुसत्या चरबी नसलेल्या मांसावर चालत नाही, प्रथिनांची मर्यादा आहे, जास्त झालं की लिव्हरला झेपत नाही. लांडगा मात्र महिनोन्महिने तसल्या मांसावर राहू शकतो. हिमयुगाच्या हिवाळ्यात शिकारीचे प्राणी रोडावलेले असायचे, चरबी कमी, म्हणजे माणसाकडे स्वतःला न चालणारं मांस उरत असणार. ते लांडग्याला टाकलं तर स्वतःच्या तोंडचा घास जात नाही. स्पर्धाच राहिली नाही की जवळ राहू द्यायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर या गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. थोडं उरलेलं मांस, थोडे धीट लांडगे, मधूनच एखाद्या मुलाने उचलून आणलेलं पिल्लू, आणि कुणी तरी ते परत सोडून दे म्हटलं नाही. कुणी ठरवून कुत्रा बनवायला बसलं नव्हतं, कारण कुत्रा नावाची गोष्ट तेव्हा कुणी बघितलेलीच नव्हती.

माणसाळवणं आणि पाळीव होणं यात फरक काय?

माणसाळवणं एका जीवाच्या आयुष्यात होतं, पाळीव होणं वंशात होतं. हत्ती हजारो वर्षं माणसासाठी काम करतोय पण तो पाळीव प्रजात नाही, बहुतेक वेळा जंगलातून धरून आणलेला आणि शिकवलेला. उलट रस्त्यावर जन्मलेलं, माणसाने कधी हात न लावलेलं कुत्र्याचं पिल्लू घाबरून गुरगुरेल, तरी ते पाळीव प्रजातीचंच आहे.

रशियातला तो कोल्ह्यांचा प्रयोग खरा आहे का?

खरा आहे, आणि कोल्हे नाही, सिल्व्हर फॉक्स, म्हणजे खोकडाच्या कुळातले. १९५९ मध्ये नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी सुरू केला, त्यांच्याबरोबर ल्युडमिला त्रूत होत्या, आणि १९८५ मध्ये बेल्यायेव गेल्यावर त्रूत यांनीच तो पुढे दशकानुदशकं चालवला. पद्धत एकदम साधी. फरसाठी फार्मवर पाळलेल्या फॉक्समधून दर पिढीत माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे थोडेसेच निवडायचे आणि त्यांचीच पिल्लं घ्यायची. रंग बघायचा नाही, कान बघायचे नाहीत, पिल्लांना ट्रेनिंग पण द्यायचं नाही, म्हणजे जे होईल ते वंशातूनच आलेलं असेल. चौथ्या पिढीत शेपूट हलवणारं पिल्लू दिसलं, सहाव्या पिढीत माणूस दिसला की कुईकुई करत हात चाटायला येणारी पिल्लं आली. आणि काही पिल्लांमध्ये लोंबते कान, वळलेली शेपूट, अंगावर पांढरे ठिपके हेपण दिसायला लागलं, जे कुणी मागितलंच नव्हतं.

एक सावधगिरी हवी इथे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की हे फॉक्स मुळात कॅनडातल्या फार्मवरून आलेले होते आणि तिथे आधीच कित्येक पिढ्या माणसांनी पाळलेले, ठिपके वगैरे त्यांच्यात आधीपासून होते. त्यामुळे "शून्यातून सगळं काही वर्षांत झालं" असं सांगतात ते थोडं जास्त होतं. पण नुसता स्वभाव निवडला तर तो काही पिढ्यांत बदलतो, हा मुख्य निष्कर्ष टिकून आहे.

लांडग्याचा कुत्रा होताना शरीरात काय काय बदललं?

तोंड आखूड, दात लहान, तेवढ्याच आकाराच्या लांडग्यापेक्षा मेंदू लहान. लांडगी वर्षातून एकदाच माजावर येते, कुत्री साधारण दोनदा. मोठा झालेला लांडगा क्वचित भुंकतो, कुत्र्यांचं काय ते तुम्हाला माहीत आहेच. लहान आकाराबद्दल मजेशीर गोष्ट म्हणजे छोट्या कुत्र्यांमध्ये वाढीच्या जीनचा जो प्रकार असतो, तो ५४,००० वर्षं जुन्या सायबेरियन लांडग्यातही सापडला, म्हणजे तो कुत्र्यात नव्याने तयार झाला नाही, आधीपासून होता, माणसाने नंतर निवडला.

कुत्रा लांडग्याचा वंशज आहे तर त्याला फक्त कच्चं मांसच द्यायला हवं ना?

नाही. हे इतक्या ठामपणे सांगतात लोक की मला काळजी वाटते. २०१३ च्या अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणारं एन्झाइम स्वादुपिंडात बनवण्याचा जो जीन आहे त्याच्या लांडग्यात २ प्रती असतात आणि कुत्र्यांमध्ये ४ पासून ३० पर्यंत. म्हणजे माणूस धान्य खायला लागला तसा कुत्रापण त्याच्याबरोबर बदलला, रोमानियात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यात जास्तीच्या प्रती सापडल्यात. ज्या कुत्र्यांचे पूर्वज शेतीपासून लांब राहिले, जसं की हस्की किंवा ऑस्ट्रेलियातला डिंगो, त्यांच्यात या प्रती कमी दिसतात. तुमच्या कुत्र्याला काय द्यायचं ते पशुवैद्याला विचारा, पण "लांडगा आहे तो" हे कारण नका देऊ.

कुत्रा आपल्याकडे असा बघतो, ते प्रेम खरं की अन्नासाठी?

२०१५ मध्ये जपानमध्ये तपासलं, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळिकीशी जोडलेलं हार्मोन, वाढतं, आई आणि बाळात वाढतं तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असं झालं नाही. २०१९ मध्ये अजून एक गोष्ट समोर आली, कुत्र्याला आतली भुवई वर उचलणारा एक नीट स्नायू असतो, लांडग्यात तिथे जेमतेम काही तंतू. ती भुवई उचलली की डोळे मोठे, बाळासारखे दिसतात.

अजून एक प्रयोग मला आवडतो. अन्न एका डब्यात बंद केलं, आधी उघडता येत होता आता येत नाही. लांडगा स्वतःच झटत राहतो. कुत्रा थोडा वेळ प्रयत्न करतो आणि मग वळून माणसाच्या तोंडाकडे बघतो. याला काही जण कुत्रा मठ्ठ असल्याचा पुरावा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. दोघांनी मिळून दोरी ओढायच्या कामात लांडगे कुत्र्यांपेक्षा सरस ठरतात हे खरं, ते एकमेकांवर अवलंबून असतात. कुत्र्याचा जोडीदार मात्र माणूस आहे.

मग लांडग्याचं पिल्लू लहानपणापासून घरात वाढवलं तर?

करू नका. ज्यांनी संशोधनासाठी वाढवलेत ते लोक पिल्लू डोळे उघडायच्या आत घेऊन चोवीस तास सोबत राहतात, तरी मोठेपणी तो लांडगाच असतो. कारण असं की लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं असताना, अजून दिसत-ऐकू येत नसताना, फक्त वासावर जग शोधायला लागतं, आणि नव्याची भीतीही लवकर सुरू होते. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांनी सुरुवात करतं, तेव्हा डोळे, कान, नाक सगळं उघडलेलं असतं, म्हणून त्याला माणसाशी ओळख करून घ्यायला भरपूर सवड मिळते.

कुत्र्यासमोर आपण "अल्फा", म्हणजे धाक दाखवणारा टोळीचा म्होरक्या, असायला हवं, लांडग्यांसारखं, हे बरोबर आहे का?

चूक, आणि या एका चुकीपायी कुत्र्यांनी फार मार खाल्लाय. ही कल्पना आली १९४७ च्या एका अभ्यासातून, तो स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर होता, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे बंद जागेत कोंबलेले, तिथे मारामारी होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी १९७० साली आपल्या पुस्तकात हा शब्द लोकप्रिय केला. मग जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुलं, तिथे कुणी लढून राजा होत नाही. पुढे स्वतःच्याच त्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. आणि समजा लांडग्यांबद्दल ते खरं असतं तरी वर म्हटलं तसं कुत्रा म्हणजे लांडगा नाही. पिल्लाला उलटं पाडून दाबून धरणं बंद करा.

डिंगो कुत्रा आहे की जंगली प्राणी?

दोन्ही. त्याचे पूर्वज कुत्रेच होते, साधारण ३,५०० वर्षांपूर्वी माणसांबरोबर होडीतून ऑस्ट्रेलियात पोचले आणि मग पुन्हा जंगली झाले. आता तो वर्षातून एकदाच वितो आणि फारसा भुंकत नाही.

अमेरिकेत युरोपियन लोक जायच्या आधी कुत्रे होते का?

होते, सायबेरियातून माणसांबरोबर गेलेले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची, नीट पुरलेल्या कुत्र्यांची दफनं सापडलीत. पण युरोपियन लोक आल्यावर काही शतकांत ते कुत्रे जवळजवळ पूर्ण नाहीसे झाले, २०१८ च्या अभ्यासानुसार आजच्या अमेरिकेतल्या कुत्र्यांत त्यांचा अंश नगण्य आहे. त्यांचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक एक कॅन्सर आहे. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक गाठ असते, त्यात विषाणू नाही, कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. त्या सगळ्या पेशी काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या आहेत, आणि तो कुत्रा त्या नाहीशा झालेल्या कुत्र्यांच्या जवळचा होता.

आजच्या ब्रीड किती जुन्या?

बहुतेक १५०-२०० वर्षं. पहिला नीट डॉग शो १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला झाला, ब्रीडची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ मध्ये, आणि तिथून पुढे बंद नोंदवह्या (नोंदलेल्या आईबापांचीच पिल्लं घेणाऱ्या), ठरावीक रंग, ठरावीक उंची. "हजारो वर्षं जुनी ब्रीड" असं सांगून पिल्लू विकतात तेव्हा सावध राहा. कामाचे वेगवेगळे कुत्रे मात्र खरोखर जुने आहेत, सायबेरियातल्या झोखोव बेटावर ९,५०० वर्षांपूर्वी स्लेज ओढणारे कुत्रे होते आणि आजच्या ग्रीनलंडच्या कुत्र्यांशी त्यांचं नातं दिसतं.

ब्रीड बघून स्वभाव ठरवणाऱ्यांसाठीपण एक आकडा: २०२२ मध्ये १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या माहितीवरून दिसलं की कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्यातल्या फरकापैकी सरासरी फक्त ९ टक्के ब्रीडमुळे असतो.

मोकळे फिरणारे गावठी कुत्रे म्हणजे ब्रीड्सची खिचडी ना?

उलट आहे. जगातले बहुसंख्य कुत्रे हे असे मोकळे, कुणा एकाच्या मालकीचे नसलेलेच आहेत, आणि ब्रीड्स हीच त्या मोठ्या समूहातून अलीकडे खुडलेली छोटी छोटी डहाळी. बऱ्याच भागातल्या गावठी कुत्र्यांमध्ये जी जनुकीय विविधता आहे ती कुठल्याही एका ब्रीडमध्ये नाही. २०१५ चा मध्य आशियाचा निष्कर्ष काढला होता तो या कुत्र्यांच्याच रक्ताच्या नमुन्यांवरून. त्यांना कमी लेखतात ते मला मनापासून लागतं.

लांडग्याने कुत्रा दिला. कुत्र्याने लांडग्याला काही परत दिलं का?

दिलं. उत्तर अमेरिकेत काळे लांडगे असतात, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर जवळपास निम्मे. २००९ मध्ये कळलं की तो काळा रंग ज्या म्यूटेशनमुळे, म्हणजे जीनमधल्या बदलामुळे, येतो ते कुत्र्यांकडून आलंय, कधीतरी कुणा लांडग्याची कुत्र्याशी जोडी जमली आणि ते वंशात राहिलं. का टिकलं हे कोडं होतं, कारण बर्फात काळा रंग लपायला काही कामाचा नाही. मग २०२२ मध्ये उत्तर मिळालं. तोच जीन रोगप्रतिकारशक्तीशी जोडलेला आहे, आणि ज्या वर्षी साथ येते त्या वर्षी काळे लांडगे करड्यांपेक्षा जास्त वाचतात. साथ कशाची, तर डिस्टेंपरची, त्या ओबरकासेलच्या पिल्लाला झाला होता त्याच आजाराची.